गावच्या तारेचा खर्च कोणी सोसावा?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, संतवाङ्मय असे विषय शोभून दिसतात. आम्ही मात्र आज एका तारेचा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत, आणि त्यातही तिच्या सरकारी खर्चाचा. म्हणजे विषय मुळातच रुक्ष, त्यात हिशेबाची भर! तरीसुद्धा या विषयाला बार्शीपेक्षा योग्य गाव शोधून सापडणार नाही, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण आपली जुनी लहान गाडी.

कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने बार्शीसाठी अडीच फुटी रूळमार्गाची कल्पना मांडली. परवानगीच्या वाटाघाटींत कित्येक वर्षे गेली. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी नोंदली गेली आणि १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी ही सुमारे २१ मैलांची गाडी सुरू झाली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला त्या काळी बार्शी रोड असेच नाव होते, यावरून बार्शीच्या पेठेचे वजन ध्यानात यावे. पुढे गाडी पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला पोचली, १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. यात सरकारने दमडी फारशी घातली नाही. भांडवल खासगी होते, आणि ते आले याचे कारण बार्शीत माल होता नि पंढरीला यात्रेकरू होते. जिथे भाडे मिळते तिथे भांडवल आपल्या पायांनी चालत येते. यात भांडवलाला दोष देण्याचे कारण नाही. त्याचा तो स्वभावच आहे.

पण ही गाडी अरुंद मापाची होती. बार्शीचा माल कुर्डुवाडीस उतरवायचा आणि हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीच्या डब्यांत पुन्हा चढवायचा, हा खटाटोप पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली. त्यानंतर रुंद मार्गाची मागणी, सर्वेक्षणे, आश्वासने, शिष्टमंडळे! अखेर २००८ च्या सुमारास बार्शीवरून लातूरपर्यंत रुंद रूळ झाले. अरुंद रूळ खासगी पैशाने आले. रुंद रुळांना मात्र सरकारची तिजोरी लागली, आणि अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

ब्रॉडबँड म्हणजे बातमीचा, हिशेबाचा आणि विद्येचा रुंद मार्ग. किती रुंद, याचेही सरकारी माप आहे. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट इतका वेग म्हणजे ब्रॉडबँड मानला गेला. पुढे ते माप ५१२ झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ आठपट. मापे वाढतात त्याचे कारण गरजा वाढतात. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करावी, अशी ई-पीक पाहणी सुरू झाली. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर उठतो. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी २०२३ पासून कामाच्या जागेवरून छायाचित्रासह पाठवावी लागते. २०२५ साली अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात संगणकावरून झाले. म्हणजे पुण्यातील मुलगा आणि पांगरीची मुलगी एकाच रांगेत उभी राहिली. रांग एक, पण दोघांचे रूळ एकाच मापाचे आहेत काय? शासनाने नागरिकांवर एखादी गोष्ट सक्तीची केली, तर तिथवर जाण्याचा रस्ता बांधणे हेही शासनाचेच काम ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता हिशेब. बार्शी शहरात गल्लोगल्ली तार टाकायला कंपन्या आणि केबलवाले आपण होऊन येतात. पण मुख्य रस्ता सोडून आत गेलेल्या शेदोनशे उंबऱ्यांच्या गावाचे गणित निराळे आहे. चर खणण्याचा खर्च मैलामागे तोच. त्याच्या टोकाला हजार गिऱ्हाईके असोत की दहा. त्यामुळे तिथे कोणी जात नाही. ही अडचण ओळखूनच २००२ साली केंद्राने सार्वत्रिक सेवेचा निधी उभारला, ज्याला आज डिजिटल भारत निधी म्हणतात. दूरध्वनी कंपन्यांच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम त्यात जमा होते. कंपन्या ती कोठून आणतात? आपल्याच बिलांतून. तेव्हा खेड्यात सरकारी पैशाने तार गेली, तर तो धर्मादाय नव्हे. गावकऱ्याने मोबाईलच्या प्रत्येक रिचार्जबरोबर त्या तारेची वर्गणी भरलेली असते.

ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना तार नेण्याची योजना मंजूर झाली. मुदत दोन वर्षांची होती. पुढे तिचे नाव भारतनेट झाले; पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःच्या अंगावर घेतले, त्यांत महाराष्ट्र होता. आपल्या राज्याने त्यास महानेट म्हटले, काम महाआयटी या सरकारी महामंडळाकडे दिले आणि सुमारे साडेबारा हजार ग्रामपंचायतींचा भार उचलला. २०१८ च्या अखेरीपर्यंत राज्यातील सर्व ग्रामपंचायती जोडण्याची घोषणाही झाली होती. ती मुदत कशी गेली, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मात्र दिरंगाईपेक्षा मोठी गोष्ट निराळीच आहे. पहिल्या टप्प्यातील रचना अशी, की तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली तार एका गावातून पुढच्या गावी, तेथून त्याच्या पुढच्या गावी, अशी सरळ रेषेत जाते. मध्ये कोठे रस्तारुंदीसाठी, नळयोजनेसाठी यंत्राचे खोरे पडले आणि केसाएवढी ती काच तुटली, की पुढची सारी गावे एकदम मुकी. बरे, तार शाबूत असली तरी पंचायतीतल्या पेटीला वीज लागते. पेटी बिघडली तर ती कोणी दुरुस्त करायची, सरपंचाने, ग्रामसेवकाने, महामंडळाने की ठेकेदाराने, याचे उत्तर मिळेपर्यंत पेटीवर धूळ बसते. कागदावर गाव जोडलेले असते. आपल्याकडे विहीर खणायला अनुदान मिळते, गाळ काढायला मिळत नाही. तीच गत येथे झाली.

हा धडा महाराष्ट्राला नवा नव्हता. १९९८ साली वारणानगरला, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत, संगणकाने गावे जोडण्याचा प्रयोग झाला. त्या काळी साऱ्या देशात त्याचे कौतुक झाले. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्य शासनाचा, १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. शेतीची माहिती, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, सारे गावातील केंद्रावर मिळेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदी, तोडणीची पाळी, कारखान्याचे हिशेब यांसाठी झाला. आम्ही याला अपयश म्हणत नाही. ज्या कामात लोकांचा पैसा गुंतला होता, तेच काम टिकले. बाकीचे कोणी हक्काने मागितले नाही म्हणून वाळून गेले. पण संगणक जुने झाले, वीज जाई, दुरुस्तीचा खर्च वाढला. २००६-०७ मध्ये सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून संदेश पाठवून तेच काम करून पाहण्यात आले, आणि ते स्वस्तात झाले. वारणेसारखा संपन्न सहकार पाठीशी असूनही यंत्रे सांभाळणे जड गेले. मग ज्या गावात कारखाना नाही, संस्था नाही, त्याने काय करावे?

येथे कोणी म्हणेल, मोबाईलनेच काम भागत असेल तर तारेचा हट्ट कशाला? देशातील शंभरांतल्या नव्वदांहून अधिक ब्रॉडबँड जोडण्या मोबाईलच्याच आहेत, हे खरे. परंतु मोबाईलचा मनोरासुद्धा अखेरीस तारेवरच चालला तर नीट चालतो, आणि त्याचा वेग साऱ्यांत वाटून मिळतो. संध्याकाळी सारा गाव एकदम मोबाईल उघडतो तेव्हा अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या वाट्याला काय येते, हे खेड्यातून येथे आलेल्या मंडळींना सांगायला नको. आता तर उपग्रहाची गोष्ट निघाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक या अमेरिकी कंपनीशी इरादापत्र केले आणि त्यात आपल्या शेजारच्या धाराशिवचेही नाव आहे. दऱ्याडोंगरांत, गडचिरोलीच्या जंगलात याचा उपयोग होईल, याविषयी आम्हांस शंका नाही. बालाघाटाच्या सपाटीवर, जिथे तार अर्ध्या वाटेपर्यंत पुरून झाली आहे, तिथे ती तशीच सोडून आकाशाकडे पाहणे मात्र परवडणारे नाही.

केरळने वेगळी वाट धरली. त्यांच्या सरकारने विजेच्या खांबांवरूनच तार नेली, तिची मालकी आपल्याकडे ठेवली आणि जून २०२३ मध्ये योजना सुरू करताना पहिल्या खेपेस प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील शंभर गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचे ठरविले. तेथेही खर्चावरून, कंत्राटांवरून वाद झाले. पण खांब आधीच उभे होते, ही गोष्ट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. चर खणण्याचे पैसे वाचले, आणि वायरमन रोज त्या खांबाखालून जातोच.

केंद्राला उशिरा का होईना, हे उमगले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. त्यात तार वर्तुळाकार नेण्याचे ठरले आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालावी. आणि जो बांधील त्यानेच दहा वर्षे सांभाळावे, अशी अट आहे. आमच्या दृष्टीने या योजनेतील सर्वांत मोलाचे शब्द ‘दहा वर्षे’ हेच होत. राज्य शासनाने आपला पैसा कोठे घालावा, याचेही उत्तर आम्ही त्यातच पाहतो. नव्या उद्घाटनांपेक्षा तालुक्याला दुरुस्तीची दोन पथके, पंचायतीतल्या पेटीचे वीजबिल आणि पंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा पल्ला, या तीन गोष्टींवर तो पडावा. शेवटच्या पल्ल्यासाठी गावातील केबलवाला किंवा सोसायटी यांना हाताशी धरता येईल. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने दीडशेहून अधिक खेड्यांना वीज पुरवून दाखविली होतीच. तिचा परवाना २०११ मध्ये थकबाकीच्या ओझ्याखाली गेला, हेही विसरू नये. सहकाराला वसुलीची लाज वाटू लागली की तो संपतो.

येत्या १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा आहेत. या सभागृहात खेड्यांतून आलेले पुष्कळ लोक दिसतात. त्यांनी त्या दिवशी ग्रामसेवकांना विचारावे, की आपल्या पंचायतीची तार चालू आहे काय, शेवटची बंद कधी पडली, तक्रार कोणाकडे नोंदविली आणि ती पेटी कोणत्या खोलीत आहे. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, कारण इतिवृत्ताची नक्कल जिल्हा परिषदेकडे जोडता येते, तोंडी तक्रार जोडता येत नाही. आमचा वेळ संपत आला आहे. वारणेच्या प्रयोगाविषयी किंवा नव्या योजनेतील अटींविषयी कोणाचे प्रश्न असतील, तर अध्यक्षांच्या परवानगीने ते आता घेऊ.