लठ्ठ मुलें आणि खिन्न मनें



आपल्या घरांत मूल रांगूं लागलें कीं त्याच्या बाळशाचें केवढें कौतुक होतें! शेजारणी गाल ओढतात, आजी दृष्ट काढते. तेंच मूल चौदा वर्षांचें झालें म्हणजे एखादी मावशी भर मांडवांत म्हणते, "काय ग, किती सुटलीस!" मुलगी हंसते, आणि तिनें तें मनावर घेतलें नाहीं, अशी सर्वांची समजूत होते. आज मला त्या हंसण्याविषयीं बोलावयाचें आहे.

लठ्ठपणाचा मधुमेहाशीं असलेला संबंध आतां घरोघरीं ठाऊक आहे. मनाशीं असलेला संबंध मात्र आपण अर्धाच जाणतों. मूल लठ्ठ म्हणून खिन्न, एवढेंच आपणांस दिसतें. अमेरिकेंत ९,००० हून अधिक शाळकरी मुलामुलींची पाहणी करण्यांत आली. तिचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. जीं मुलें आरंभीं उदास होतीं, तीं वर्षभरानें लठ्ठ असण्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट आढळला. आरंभीं लठ्ठ असलेलीं मुलें पुढें अधिक उदास झालीं, असें मात्र त्या पाहणींत दिसलें नाहीं! पुढें २०१० सालीं डच संशोधकांनीं १५ दीर्घकालीन अभ्यास एकत्र पाहिले. त्यांत प्रौढांचाच भरणा अधिक, हें लक्षांत ठेवावें. पण तेथें वाट दोन्हीकडून दिसली. लठ्ठ माणसास खिन्नता जडण्याचा संभव ५५ टक्क्यांनीं अधिक, आणि खिन्न माणूस लठ्ठ होण्याचा ५८ टक्क्यांनीं.

असें कां व्हावें? खिन्न मुलास रात्रीं झोप लागत नाहीं. झोप मोडली कीं भूक चाळवते, आणि तीही गोडाधोडाची व तळणाची. खेळावयास जाण्याचा उत्साह उरत नाहीं. गेलेंच तर सवंगडी 'ढब्बू' म्हणून चिडवितात, आणि मैदान कायमचें सुटतें. मनोविकारावरील कांहीं औषधांनींही वजन वाढतें. अर्थात् म्हणून तीं औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत. डॉक्टरांस विचारावें, बहुधा दुसरें औषध निघतें.

मी स्वतः पुष्कळ वर्षें मुलास कांट्यावर उभें करून आईसमोर आंकडा मोठ्यानें वाचीत असें. वर दोन शब्द बोलतही असें. आतां आंकडा मनांतच वाचतों, आणि आधीं विचारतों, "झोप कशी लागते रे?"

या वयांतील खिन्नता रडून दिसेलच असें नाहीं. पुष्कळदां ती चिडचिडीच्या रूपानें येते, आणि आपण तिला उद्धटपणा म्हणतों. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल चिडचिडें राहिलें, आवडीचा खेळ व मित्र नकोसे झाले, तर आहाराचा तक्ता भिंतीवर लावण्यापूर्वीं डॉक्टरांस त्याचें मन दाखवावें. मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही थांबूं नये. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा दूरध्वनि क्रमांक १४४१६ आहे. तेथें मराठींतून बोलतां येतें, आणि त्यास पैसे पडत नाहींत.