निवडलेले बारा आणि वगळलेला तेरावा

(किशोर व कुमार गटातील कबड्डीपटू, त्यांचे पालक आणि क्रीडा कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे वेगळे होऊन अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कऱ्हाडला कोयनेशी एकरूप झालेली कृष्णा पुढे सांगलीच्या घाटाला लागते, तेव्हा तिला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर असे सात साताऱ्यात, बहे व बत्तीस शिराळा हे दोन सांगलीत आणि उरलेले दोन कोल्हापुरात आहेत. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांसाठी जो कोल्हापूर विभाग आखला गेला आहे, त्यातही कोकणातील रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांच्या जोडीला हेच तीन जिल्हे एकत्र आले आहेत. विभाग आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात मारुतीची परंपरा असण्याचे कारण नाही, परंतु बलोपासनेचा जुना मुलूख आणि आजचा क्रीडा विभाग एकमेकांवर असे बसावेत, हा योग सुखद आहे खरा.

कबड्डीच्या इतिहासात साताऱ्याचे स्थान मानाचे आहे. संजीवनी, गेमिनी अशा निरनिराळ्या पद्धतींनी खेळला जाणारा हुतूतू एका नियमावलीत बसवण्याचा प्रयत्न 1921 साली सातारा येथे झाल्याची नोंद या खेळाच्या इतिहासात आढळते. त्यानंतर 1923 साली बडोद्यात सुधारित नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाल्या. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले आणि पहिले सुवर्णपदक भारताने जिंकले. गावच्या मातीतून निघालेला, साधनसामग्रीच्या नावाखाली एक पैसाही न मागणारा हा खेळ जगाच्या व्यासपीठावर पोहोचण्यास एवढा काळ लागला.

हा सारा प्रवास शेवटी ज्यांच्या पायांवर उभा आहे, ती मुले चौदा ते वीस वर्षांची आहेत. त्यांचा हंगाम कसा जातो, हे शहरातील पालकांना पुष्कळदा ठाऊक नसते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात शालेय स्पर्धा सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चार पायऱ्या आणि चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे तीन गट. दुसरीकडे जिल्हा कबड्डी संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा होतात. त्यांतून किशोर, कुमार गटांचे जिल्हा संघ निवडले जातात आणि राज्य अजिंक्यपदासाठी रवाना होतात. तेथे जे चमकतात त्यांच्यातून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो. नेमक्या याच दिवसांत पश्चिमेकडे उसाचे गाळप सुरू झालेले असते आणि माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण भागांतील किती तरी कुटुंबे तोडीसाठी घर सोडून गेलेली असतात. सरावाला नियमित येणारा मुलगा एकाएकी दिसेनासा झाला, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी प्रशिक्षकाने त्याच्या घराला कुलूप आहे का, हे एकदा पाहून यावे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याखाली नेली, त्या वर्षी नदीकाठच्या मुलांचा हंगाम क्रीडांगणावर सुरू न होता घरातील चिखल उपसण्यापासून सुरू झाला.

या हंगामात एक क्षण असा येतो की ज्यासाठी हे सारे सोसावे. विभागीय स्पर्धेत साताऱ्याचा चढाईपटू सांगलीच्या कोपरारक्षकाच्या हातून निसटण्यासाठी जिवाचे रान करतो. एकाचा घोटा दुसऱ्याच्या पंजात अडकलेला असतो, दोन्ही गावांची माणसे बाहेर ओरडत असतात. मग पुढे राज्याचा संघ जाहीर होतो आणि त्यात ही दोन्ही नावे असतात. कालपर्यंत ज्याने घोटा धरला, त्याचाच हात धरून आता साखळी करायची असते. कबड्डीतील साखळी ही मोठी कठोर परीक्षा आहे. शेजाऱ्यावर विश्वास नसेल तर ती पहिल्याच धक्क्यात तुटते, आणि तुटली हे हजार माणसांसमोर दिसते. शाखेच्या मैदानावर जात, गाव, घराणे विसरून खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. परंतु ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या तालुक्याबाहेर पाऊल टाकले, त्याच्यासाठी समाज या शब्दाला अर्थ येतो तो येथे.

मात्र हे सारे निवड प्रामाणिक असेल तरच.

संघात बारा जागा असतात. सात जण मैदानावर आणि पाच राखीव. चाचणीला येणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट असते. या बारापैकी एक जागा ज्याने चुकीच्या जन्मतारखेच्या दाखल्यावर मिळवली, त्याने ती कोणा अमूर्त व्यवस्थेकडून घेतलेली नसते. तेराव्या क्रमांकावरच्या एका खऱ्याखुऱ्या मुलाच्या हातून ती हिसकावलेली असते. किशोर गटाला प्रदीर्घ काळ सोळा वर्षे वय आणि 55 किलो वजन अशी मर्यादा राहिली आहे. अठरा वर्षांचा राकट गडी पंधरा वर्षांच्या मुलाला मिठी मारून मैदानाबाहेर फेकतो, तेव्हा त्यात कौशल्याचा प्रश्नच उरत नाही. त्या धाकट्याच्या गुडघ्याला जन्माची दुखापत होऊ शकते. वाईट याचे वाटते की अशा दाखल्यामागे बहुधा मुलगा नसतो. पालक असतात, संघाचे नाव राखू पाहणारे कार्यकर्ते असतात आणि कधी कधी शिक्षकही असतात. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण या सवलती योग्य हेतूने दिल्या गेल्या. परंतु राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे उघडकीस आली, ती या लोभाचीच पुढची पायरी होत. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरुद्ध 2010 साली राष्ट्रीय संहिता केली. पण हाडांच्या तपासणीने वयाचा अंदाजच मिळतो. नेमके वय गावाला, शाळेला आणि आईला ठाऊक असते.

वजनाचेही तसेच. मर्यादेत बसावे म्हणून दोन दिवस पाणी तोडणे, उन्हात जाड कपडे घालून धावणे, काट्यावरून उतरताच गटागटा पाणी पिऊन मैदानात उतरणे, या गोष्टी कौतुकाने सांगितल्या जातात. वाढत्या वयातील शरीराशी केलेला हा द्रोह आहे. बलोपासनेशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

निवडीतील अन्यायाचा विषय निघाला की कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवल्यावाचून राहत नाहीत. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा क्रमांक मिळवलेल्या या मल्लाला 1952 च्या निवडीत डावलले गेले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी जिंकली. हेलसिंकीला जाण्यासाठी गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या दिवशी दाद लागली नसती, तर ते पदक आले नसते. आणि काय गमावले, हे देशाला कधी कळलेही नसते. तेराव्या क्रमांकावरच्या मुलाकडे पाहताना निवड समितीने एवढे ध्यानात ठेवावे.

मुलींच्या संघांबाबत आणखी एक गोष्ट. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांचा अंतिम सामन्यात इराणने पराभव केला. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मराठी भूमीतील विद्या परदेशाने आदराने बोलावून घेतली. 2023 मध्ये हांगझोऊ येथे भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी सुवर्णपदके परत मिळवली, हा आनंद मोठा. तरीही आपल्या दोन जिल्ह्यांतील किती शाळांना कबड्डीसाठी स्त्री-प्रशिक्षक आहेत, हे प्रत्येक पालकाने आपल्या मुलीच्या शाळेत जाऊन विचारावे. कित्येक मुली सोळाव्या-सतराव्या वर्षी खेळ सोडतात, त्याचे कारण पुष्कळदा मैदानावर नसून परतीच्या शेवटच्या एसटीत असते.

2014 पासून प्रो कबड्डीने खेळात पैसा आणला. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. कबड्डीपटूने उपाशीच राहावे असा काही धर्म नाही. परंतु लिलावात बोली लागणारे थोडे आणि जिल्ह्याचा संघही न गाठणारे अगणित, हे प्रमाण मुलांना आधीच सांगितले पाहिजे.

म्हणून जिल्हा संघ जाहीर करताना बारा नावांसोबत प्रत्येकाची जन्मतारीख आणि शाळा सर्वांना वाचता येईल अशी फलकावर लावावी. हरकत घेण्यास दोन दिवस द्यावेत आणि हरकत घेणाऱ्याला गावद्रोही ठरवू नये. वयोमर्यादा ओलांडल्यामुळे ज्याची संधी कायमची हुकली, त्या मुलाला त्याच आठवड्यात कार्यकर्त्यांनी घरी जाऊन भेटावे आणि पंच परीक्षेचा अर्ज त्याच्या हाती द्यावा. तालुक्याच्या स्पर्धांना पंच आणि गुणलेखक नेहमीच कमी पडतात, आणि खोट्या जन्मतारखेने आलेला गडी मैदानावर उतरला की त्याला सर्वांत आधी हाच मुलगा ओळखतो.