पैसे येणार, हे माहीत असणं

(डिसेंबर २०२५मध्ये तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आधीच सांगते, मी काही वक्ता नाही. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात मी बँक सखी म्हणून काम करते. एक छोटं मशीन, एक वही आणि दोन खुर्च्या, एवढंच माझं ऑफिस. लोक येतात, आधार नंबर सांगतात, मशीनवर अंगठा ठेवतात, मी पैसे मोजून देते. संयोजकांनी मला विचारलं, "लाडकी बहीण योजनेनं बायकांच्या आयुष्यात काय बदललं, ते सांगाल का?" मी म्हटलं, मशीनच्या या बाजूनं जे दिसतं तेवढं सांगते. नावं कुणाचीच घेणार नाही. माझ्याकडं येणाऱ्या बायकांचा तो विश्वास आहे.

योजना तुम्हाला माहीतच आहे. २८ जून २०२४ला शासन निर्णय निघाला. २१ ते ६५ वयाची बाई, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, तर तिच्या खात्यावर महिन्याला १५०० रुपये. ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे मिळून ३००० जमा झाले. त्या आठवड्यात माझ्या दारात सकाळी सातला रांग लागायची. एक खाला चार वेळा येऊन गेल्या. "बेटा, सच्ची में आये क्या?" पाचव्यांदा अंगठा ठेवला, मशीननं रक्कम दाखवली, आणि त्या म्हणाल्या, "निकाल सब. कल वापस ले लिए तो?"

पहिल्या महिन्यात जवळपास सगळ्यांनी असंच केलं. एक रुपया ठेवला नाही. बघणारे म्हणाले, "बघा, पैसा दिसला की उडवला." मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून माझ्या वहीत वेगळ्याच नोंदी दिसायला लागल्या. कुणी ५०० काढले, बाकी राहू दिले. कुणी काहीच काढलं नाही, नुसतं "बॅलन्स सांग" म्हणाली आणि खूश होऊन गेली. बाई तीच, रक्कम तीच. बदललं काय होतं? पुढच्या महिन्यातही येणार, यावर तिचा भरवसा बसला होता.

आज मला एवढी एकच गोष्ट सांगायची आहे. गरिबी म्हणजे पैसा कमी असणं, हे अर्धंच खरं. पैसा कधी येईल ते माहीत नसणं, ही दुसरी अर्धी.

आमच्या घराचंच सांगते. वडील हंगामात जिनिंगवर जायचे, एरवी मिस्त्रीच्या हाताखाली. कापूस असला की घरात मटण, पावसाळ्यात काम बंद पडलं की दुकानदाराची उधारी. वर्षाची बेरीज केली तर आम्ही उपाशी मरण्यातले नव्हतो. पण अम्मीनं कधी पुढच्या महिन्याचा विचारच केला नाही, करून उपयोगही नव्हता. मी आठवीत होते तेव्हा तिची कंबर धरली. "काम सुरू झाल्यावर दाखवू" म्हणत चार महिने काढले. दाखवलं तेव्हा जेवढ्यात भागलं असतं त्याच्या पाचपट खर्च झाला, आणि माझी शाळा त्याच वर्षी सुटली.

आता ऊसतोडीचं बघा. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं कोयत्यावर जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, म्हणजे मजुरी आधीच हातात, आणि मग पाच-सहा महिने शरीर झिजवून ती फेडायची. उचल मोठी असते, एकदम येते. ती लग्नात, जुन्या कर्जात, घराच्या पत्र्यात जाते, आणि माणूस बांधला जातो. कामाला एक दिवस गेलं नाही तर खाडा. तो खाडा चुकवण्यासाठी बायका दुखणं अंगावर काढतात. २०१९मध्ये सरकारच्या समितीसमोर जो आकडा आला तो तुम्ही ऐकला असेल. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्या वेळच्या बातम्यांत एका खाड्याचा दंड ५०० रुपये सांगितला जायचा. म्हणजे १५०० रुपये म्हणजे तीन खाडे. महिन्यातून तीन दिवस बाई झोपून राहू शकते, एवढीच या रकमेची किंमत. मी ती फुगवून सांगणार नाही. पण ज्या बाईला तीन दिवस कधीच मिळाले नाहीत, तिला विचारा की ते कमी आहेत का.

दिवसाला ५० रुपये. त्यात घर चालत नाही. मग बदलतं काय? मी पाहिलेलं सांगते. किराणा दुकानदार आता बायकांच्या नावानं उधार देतो. पूर्वी "मालकाला पाठव" म्हणायचा. ताप तिसऱ्या दिवशी दाखवला जातो, दहाव्या दिवशी नाही. पोरीच्या एसटीच्या पासासाठी, वहीसाठी नवऱ्याचा मूड बघावा लागत नाही. आणि भिशी सुरू झाली. आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे, प्रत्येकी ५००. महिन्याला एकीला ६००० मिळतात. एकीनं शेळी घेतली, एकीनं जुनी शिलाई मशीन, एकीनं व्याजाचे पैसे फेडले. या बायकांना भिशी पूर्वी माहीत नव्हती का? होती. पण भिशीला दर महिन्याला पैसे टाकावे लागतात, आणि दर महिन्याला पैसे येणारी बाई गल्लीत नव्हती.

पुढं वाचलं तर कळलं, हे फक्त आमच्या गल्लीत घडत नाही. केनियात गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेनं काही गावांना एकरकमी पैसे दिले, काहींना दोन वर्षं दरमहा, आणि काहींना बारा वर्षं दरमहा देण्याचं ठरवलं. दोनच वर्षं मिळणार असलेल्यांपेक्षा एकरकमी मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला. पण बारा वर्षांची खात्री असलेल्यांनीही धंदे उभे केले. कसे? एकत्र येऊन, पाळीपाळीनं एकेकाला रक्कम देऊन. आपली भिशीच की!

"फुकटचा पैसा मिळाला की लोक आळशी होतात, दारू पितात" असं तुम्हाला घरात, कट्ट्यावर ऐकू येईल. त्याचं उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. तिथं २०११पासून सेवा या महिलांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत प्रयोग केला. प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलाला १००, वर्षानंतर ३०० आणि १५०. कसली अट नाही. दारू वाढली नाही. मुलांचं वजन सुधारलं, मुली शाळेत जास्त जायला लागल्या, घरात शेळ्या-कोंबड्या आल्या, आणि लोक उलट स्वतःच्या शेतात, स्वतःच्या धंद्यात जास्त राबले.

पण सगळं गोड नाही, तेही सांगते. खातं बाईचं, आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा. पैसे जमा झाल्याचा मेसेज आधी त्याला जातो. तो तिला घेऊन येतो, ती अंगठा ठेवते, मी नोटा तिच्या हातात देते आणि उंबरठ्यावरच त्या त्याच्या खिशात जातात. मी फक्त एवढं करते की नोटा मोठ्यानं मोजून तिच्याच हातात देते. दुसरं, भांडी घासून, कापूस वेचून बोटांच्या रेघा पुसल्या जातात. मशीन अंगठा घेत नाही. दहा बोटं लावून बघतो. नाही उमटलं तर बाई मान खाली घालून जाते, जणू चूक तिचीच. तिसरं, पैसे दर महिन्याला येतात, पण तारीख सरकते, आणि प्रत्येक सरकलेल्या दिवसाबरोबर जुनी भीती परत येते.

आता आपल्या समाजाचं बोलते. आपल्याकडं जकात आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालावर अडीच टक्के, आणि तो गरिबाचा हक्क आहे, देणाऱ्याचा उपकार नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण देतो कसे? रमजानच्या शेवटच्या दिवसांत, दारात आलेल्या बाईच्या हातात शंभर-दोनशे. एका आठवड्यात सगळं, आणि मग अकरा महिने काही नाही. शिवाय तिचा चेहरा सगळ्या गल्लीला दिसतो. खात्यावर पैसे येतात तेव्हा चेहरा कुणाला दिसत नाही. आपल्या मोहल्ल्यातली जकात एकत्र करून चार विधवांना वर्षभर दरमहा देता येईल का? मसला आलिमांना विचारा, हिशोब तुम्ही करा.

दरमहा या शब्दाचं मोल आपल्या समाजाला शहाबानो यांनी शिकवलं. इंदूरच्या कोर्टानं त्यांना महिन्याला २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवले आणि देशभर वादळ उठलं. पोटगी दरमहा असते कारण भूक दरमहा असते. १० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही त्याच कायद्यानं पोटगी मागता येते. त्याच महिन्यात आमच्या गावात लाडक्या बहिणीचे अर्ज भरणं चालू होतं. योजनेत विधवा, तलाक झालेल्या, नवऱ्यानं सोडलेल्या बायकाही पात्र आहेत. नवऱ्याकडून ज्यांना कधी एक रुपया आला नाही, त्यांना पहिल्यांदा महिन्याचे पैसे सरकारकडून मिळाले.

आणि म्हणूनच आज मी बोलायला आले. सप्टेंबर २०२५पासून ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार लागतो, आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो. मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ केली होती. ज्यांचा नवरा किंवा वडील हयात नाहीत किंवा तलाक झाला आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडं द्यायचा आहे.

माझ्याकडं एक बाई येते. तिशीची असेल. नवऱ्यानं फोनवर तीन शब्द बोलून तिला सोडलं, दुसरं घर केलं. २०१७च्या निकालानं आणि २०१९च्या कायद्यानं तो तलाकच होत नाही. म्हणजे कागदावर ती अजून बायको. मग नवऱ्याचा आधार लागणार, ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. तिनं फोन केला तर तो म्हणाला, "ओटीपी हवाय तर अर्धे पैसे माझे." वडील वारले आहेत. तलाकचा कागद नाही, कोर्टाचा आदेश नाही. ती बायकोही नाही आणि तलाकशुदाही नाही. गेल्या महिन्यात तिनं भिशीतून नाव काढलं. मी विचारलं, का? म्हणाली, "पुढचे येतील की नाही, माहीत नाही." दीड वर्षात कमावलेला भरवसा एका ओटीपीनं गेला. मी तिला वडिलांचा मृत्यूचा दाखला काढायला लावलाय आणि पोटगीच्या अर्जासाठी तालुक्याच्या मोफत कायदा सल्ल्याकडं पाठवलंय. पुढं काय होतं ते बघायचं.

योजनेचं नाव "लाडकी" आहे. भाऊ ओवाळणी देतो, मनात आलं तर वाढवतो, रुसला तर थांबवतो. २०२४च्या निवडणुकीत १५००चे २१०० करू म्हणून सांगितलं होतं, तेही तुमच्या लक्षात असेल. पण महाराष्ट्रानं याहून चांगलं केलेलं आहे. १९७२च्या दुष्काळात याच मराठवाड्यात लोक खडी फोडायला रस्त्यावर आले, त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, कुणाच्या लाडावर नाही. शासन निर्णय एका सहीनं बदलतो, कायदा तसा बदलत नाही. आज ना उद्या आपल्याला तिकडं जावं लागेल.

तोवर तुमच्यासाठी तीन कामं. एक, घरी जाऊन अम्मीच्या, खालाच्या, आपाच्या खात्याला तिचा स्वतःचा मोबाईल नंबर जोडून द्या. दोन, तुमच्या मोहल्ल्यात नवऱ्यानं सोडलेल्या, कागद नसलेल्या बायका किती, त्यांची यादी करा आणि त्यांच्यासोबत अंगणवाडीत जा. ज्या कोयत्यावर गेल्यात, त्यांना आजच फोन करा. तीन, "पैशाचं काय केलं?" असं तिला विचारू नका. तुमच्या वडिलांना कुणी कधी विचारलं होतं?

उद्या सकाळी मला मशीन उघडायचं आहे. ती बाई यायची आहे, दाखला घेऊन. एवढंच सांगते आणि थांबते.