सोयाबीन, हृदय आणि आपले ताट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य शिबिरातील भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी ऋणी आहे. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, एवढीच माझी पात्रता. मग समोर डॉक्टर मंडळी बसलेली असताना एका कापडवाल्याने हृदयाच्या आरोग्यावर का बोलावे? कारण इतकेच की, या विषयात मी स्वतः एक मोठी चूक केली आहे, आणि तीच चूक आपल्यापैकी काही जण आजही करीत आहेत, हे भोजनशाळेत पंगतीला बसलो की माझ्या कानांवर येते.

आपण लातूरकर. सोयाबीन आपल्याला परके नाही. दिवाळीच्या सुमारास मार्केट यार्डात सोयाबीनच्या राशी लागतात आणि तिथे भाव चढला की उतरला, हे मला दुकानात बसल्या बसल्या गिऱ्हाईकाच्या खरेदीवरून कळते. जो माल आपण पोत्यांनी विकतो, तो आपल्या ताटात मात्र फार उशिरा आला. आला तो औषधाचे नाव घेऊन आला. गैरसमजाची सुरुवात तिथेच झाली, असे मला वाटते.

२०१६ साली माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला आणि स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याची आणि कोलेस्टेरॉल कमी करण्याची अशा गोळ्या सुरू केल्या. दीड-दोन वर्षे नियमाने घेतल्या. पुढे कोणीतरी एक कात्रण आणून दिले. सोयाबीनने कोलेस्टेरॉल उतरते, अमेरिकेच्या सरकारनेही ते मान्य केले आहे, असा त्याचा आशय होता. वनस्पतिजन्य, अहिंसक, घरच्या मातीत पिकणारे आणि स्वस्त! माझ्या मनाला हे फारच रुचले. गव्हाच्या पिठात सोयापीठ मिसळू लागलो, सकाळी सोयाची बिस्किटे, संध्याकाळी तळलेल्या सोयाचा चिवडा असा क्रम सुरू केला आणि कोलेस्टेरॉलची गोळी कोणालाही न विचारता बंद केली. घरीसुद्धा सांगितले नाही. पाच महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते एल.डी.एल. ८२ वरून १५८ वर गेले होते. तो अहवाल पाहून डॉक्टर रागावले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. तो क्षण मला अद्याप आठवतो.

त्यानंतर मी त्या कात्रणातील गोष्टीचा मागोवा घेतला. व्यापाऱ्याची सवय आहे, नुकसान झाले की जुन्या वह्या काढून बसतो. जे हाती लागले ते असे.

कात्रण खोटे नव्हते, अपुरे होते. १९९५ साली केंटकी विद्यापीठाचे डॉ. जेम्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या ३८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सरासरी ४७ ग्रॅम सोयाप्रथिने घेणाऱ्यांचे एल.डी.एल. सुमारे १३ टक्क्यांनी उतरल्याचे त्यात आढळले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांना वेष्टनावर विधान छापण्याची अनुमती दिली. संपृक्त स्निग्धांश आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराचा भाग म्हणून दिवसाला २५ ग्रॅम सोयाप्रथिने घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा त्याचा भावार्थ होता. 'कमी स्निग्ध आहाराचा भाग म्हणून' हे शब्द माझ्या कात्रणात नव्हते. जाहिरातीतही ते बारीक अक्षरांत असतात.

पुढची पाने अधिक महत्त्वाची आहेत. २००६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने अधिक काटेकोर अशा २२ प्रयोगांचा आढावा घेतला. १३ टक्क्यांचे ३ टक्के झाले! तेही दिवसाला सुमारे ५० ग्रॅम सोयाप्रथिने घेतल्यावर. चांगले कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब यांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. ज्या आयसोफ्लेव्होन नावाच्या घटकाच्या गोळ्या बाजारात महाग विकल्या जातात, त्यांचाही कोलेस्टेरॉलवर उपयोग आढळला नाही. २०१७ मध्ये त्याच अन्न व औषध प्रशासनाने पुरावा एकसारखा नसल्याचे सांगून आपली जुनी अनुमती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. २०१९ मध्ये त्या प्रशासनाने विचारात घेतलेल्या ४६ प्रयोगांची नव्याने मांडणी झाली, तेव्हाही घट ३ ते ४ टक्क्यांच्या घरातच निघाली. म्हणजे परिणाम आहे, पण लहान आहे.

माझ्या १५८ वर ३ टक्के लावा. पाच अंक कमी होतात. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन वर्गातील गोळी मात्रेप्रमाणे ३० ते ५० टक्के घट करते. मी पन्नास रुपयांची वस्तू देऊन तीन रुपयांची घेतली होती आणि वर स्वतःला शहाणा समजत होतो.

येथे कोणी म्हणेल, मग सोयाबीन सोडून द्यावे काय? मुळीच नाही. हृदयाला सोयाचा जो खरा उपयोग आहे, तो मला २००६ च्या त्याच आढाव्यात सापडला. सोयाचे पदार्थ हृदयाला हितकारक ठरू शकतात, कारण त्यांत संपृक्त स्निग्धांश कमी आणि असंपृक्त स्निग्धांश, तंतू, जीवनसत्त्वे, खनिजे भरपूर असतात. जास्त संपृक्त स्निग्धांशाच्या प्राणिज पदार्थांची जागा त्यांनी घेतली, तर लाभ होतो. 'जागा घेतली तर' या तीन शब्दांत सगळे आले. पाश्चात्त्य माणूस मांसाच्या जागी सोया घेतो, म्हणून त्याचा फायदा होतो. आपल्या ताटात मांस कधी नव्हतेच. मग आपण सोया कशाच्या जागी घेणार आहोत?

हा प्रश्न मी घरी ताट समोर घेऊन स्वतःला विचारला. तुरीच्या वरणाऐवजी सोयाच्या वड्या घेतल्या, तर हृदयाच्या खात्यात फारसे काही जमा होत नाही, कारण डाळीत संपृक्त स्निग्धांश आधीच नगण्य असतो. मूग, मटकी, हरभरा यांचेही तसेच. परंतु १०० ग्रॅम पनीरमध्ये २० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक संपृक्त असतो. तुपातही निम्म्याहून अधिक भाग संपृक्त, तर सोयाबीनच्या तेलात तो सुमारे १५ टक्के. आपण शाकाहारी आहोत, म्हणून हृदयविकार आपल्या वाटेला जाणार नाही, अशी आपली एक गोड समजूत आहे. गौतम प्रसादीच्या ताटाकडे एकदा डोळसपणे पाहा. बासुंदी, मोहनथाळ, पनीरची भाजी, तळलेल्या पुऱ्या, वर फरसाण आणि आग्रह! पनीरच्या भाजीऐवजी सोयावड्यांची भाजी केली, तर उपयोग आहे. पनीरच्या भाजीसोबत सोयावड्याही केल्या, तर तो नुसता वाढीव खर्च आहे. माझा सोयाचा चिवडाही तसाच. सोया हे नाव होते, पोटात जात होते ते तेल आणि मीठ.

प्रमाणाचेही थोडे सांगतो, कारण 'पिठात थोडे टाकतो' एवढ्यावर आपले समाधान होते. गव्हात दहावा हिस्सा सोया दळले आणि दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर सोयापीठ २० ग्रॅम आणि त्यातील प्रथिने जेमतेम ७-८ ग्रॅम होतात. २५ ग्रॅमसाठी सुमारे ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्या लागतात, कारण त्यांत निम्मी प्रथिने असतात. त्या तेल काढून घेतलेल्या सोयापिठापासून बनतात, म्हणून त्यांत स्निग्धांश नाममात्र असतो. सोयादुधाच्या एका पेल्यात ६-७ ग्रॅम प्रथिने मिळतात, मात्र साखर घातलेले नसावे. शेतावरून आलेले सोयाबीन तसेच कच्चे दळू नये. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारा घटक असतो आणि तो उष्णतेने निष्प्रभ होतो. आमच्याकडे दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवतात, उन्हात कडकडीत वाळवतात आणि मग गिरणीत देतात. रात्री भिजत घालण्याची गरज पडत नाही, हेही आपल्या दृष्टीने बरेच.

आपल्या आचाराचा विषय निघालाच आहे, तर दोन गोष्टी बोलतो. जपानी लोकांची उदाहरणे वर्तमानपत्रांत नेहमी येतात. ते लोक सोया आंबवून खातात. नाटो, मिसो, सोया सॉस हे सारे जीवाणू किंवा बुरशीच्या साहाय्याने मुरवलेले पदार्थ आहेत. ते आपल्या आचारात बसत नाहीत. सोया सॉस तर मिठाचा अर्कच, रक्तदाब असणाऱ्याने त्यापासून दूरच राहावे. टोफू म्हणजे सोयादूध फाडून केलेले पनीर. ते ताजे मिळत असेल, तर विचार करता येईल. २०२० साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील २ लाखांहून अधिक लोकांच्या आहाराच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आठवड्यातून एकदापेक्षा अधिक टोफू खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका, तो क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत, १८ टक्क्यांनी कमी दिसला. पण असे लोक एकूणच संयमाने राहणारे असतात, व्यायाम करणारे असतात. त्यामुळे सगळे श्रेय टोफूला देता येत नाही, ही मर्यादा संशोधकांनीही मान्य केली आहे. सोयादुधाच्या बाबतीत तसा संबंध स्पष्ट दिसला नाही.

दुसरी गोष्ट द्विदलाची. मागच्या बैठकीत एका भगिनींनी विचारले होते की, सोयाबीन कच्च्या दह्याबरोबर चालेल काय? द्विदलाची जी व्याख्या आपण लहानपणापासून ऐकत आलो, तिच्यात दोन फाकी होणे आणि तेल न निघणे अशा दोन अटी आहेत. सोयाबीनच्या फाकी होतात आणि तेलही निघते. याचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. पूज्य साधू-साध्वीजी जी आज्ञा देतील, ती शिरोधार्य. आमच्या घरी तोवर सोया आणि कच्चे दही एका ताटात येत नाही.

केवळ सोयावर भिस्त न ठेवता आहाराने किती मजल मारता येते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. कॅनडातील टोरंटोचे डॉ. डेव्हिड जेनकिन्स यांनी २००३ मध्ये सोयाप्रथिने, बदाम, इसबगोल-जव-ओट यांसारखे चिकट तंतू आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल हे सारे एकत्र योजून शाकाहारी आहार दिला. महिन्याभरात एल.डी.एल. सुमारे २९ टक्क्यांनी उतरले. तुलनेसाठी दिलेल्या स्टॅटिनने ३१ टक्के घट झाली होती. मात्र तिथे अन्न मोजून दिले होते. २०११ मध्ये लोकांना आपापल्या घरी हाच आहार पाळण्याचा सल्ला दिला, तेव्हा सहा महिन्यांत घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. घरचे जेवण आणि प्रयोगाचे जेवण यांत असा फरक पडतो. त्यांच्या यादीत भेंडी आहे, ती आपल्याला चालते. वांगेही आहे, पण बहुबीज म्हणून आपल्यापैकी अनेकांना ते वर्ज्य. त्याने काही अडत नाही.

विश्वस्तांपुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या आयंबिल खात्यात ओळीच्या दिवसांत जे अन्न रांधले जाते, त्यात तूप नाही, तेल नाही, दूध-दही नाही, साखर नाही. उकडलेले धान्य आणि कडधान्य. आयंबिल हे तप आहे, पथ्य नव्हे, त्याची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या स्वयंपाकघरात असे अन्न शिजते, तिथे हृदयरोगी सभासदांसाठी वर्षभर एक वेगळी पंगत सहज चालू शकेल. डाळ, उकडलेले कडधान्य, आठवड्यातून दोन दिवस सोयावड्यांची कमी तेलाची भाजी, पातळ ताक आणि तूप न लावलेली पोळी. पहिल्या वर्षाच्या सोयावड्या आणि कडधान्याचा खर्च आमच्या कुटुंबातर्फे स्वीकारावा, अशी विनंती मी अध्यक्षांकडे लेखी दिली आहे.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या भगिनींनी एक ध्यानात ठेवावे. सोयामुळे ती गोळी अंगी लागण्यात अडथळा येतो. गोळी रिकाम्या पोटी घ्यावी आणि सोया त्यानंतर किती तासांनी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि कोलेस्टेरॉलची गोळी कोणी मनानेच बंद केली असेल, तर त्याने ते आज, आत्ता, या शिबिरात सांगावे. लाज बाळगू नये. मी पाच महिने लपवले होते. सुदैवाने तेवढ्यावर निभावले. माझ्या परिचयातील एका सद्गृहस्थांचे निभावले नाही, त्यांच्या घरची मंडळी आज सभागृहात आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.

रक्त तपासणीची नोंदणी बाहेरच्या ओसरीवर सुरू झाली आहे. ज्यांनी सकाळपासून काही घेतलेले नाही, त्यांनी आधी जावे. माझ्या बोलण्यात जाणता-अजाणता जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल किंवा कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.