मागच्या कठड्यावरचा पाट
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



ग्वाल्हेरचा माणूस शिडाच्या बोटीवर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण शिवपुरीला सख्यासागराच्या काठावरचा शिंदेकालीन सेलिंग क्लब आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला आहे. मी मात्र शिडाच्या बोटीत प्रथम बसलो ते साठी उलटल्यावर, मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला.

त्याची बोट जुनी, 25 फुटी कॅटालिना. बसायची जागा खोलगट. गुडघे धरलेल्या माणसाला तिथून उठणे कठीण. आमची ही दोनदा धक्क्यावरच थांबली. "तुम्ही या फिरून, मी बसते इथे." मुलाला ते लागले. बोटीच्या मागच्या कठड्याच्या दोन कोपऱ्यांत बसवायचे तयार पाट त्याने मागवले. भाजी चिरायच्या पांढऱ्या फळीचे असते तसेच प्लास्टिक, पण जाड आणि उन्हात टिकणारे.

मुलाने ते क्लॅम्पने कठड्याच्या नळीला आवळले. "झालं, बाबा!" माझा जन्म कारखान्यात गेलेला. मी विचारले, "आईचं वजन जाणार कुठे?" क्लॅम्प नळीवर फिरला की पाट तिरपा, आणि मागे पाणी! म्हणून पाटाखाली थेट डेकवर टेकणारा स्टीलचा पाय दिला, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 प्रतीचा. डेकला आधी मोठी भोके पाडली, त्यांत इपॉक्सी भरले आणि ते घट्ट झाल्यावर त्यातच बोल्टच्या मापाची भोके घेतली. नाहीतर फायबरच्या आतल्या लाकडात पाणी मुरते. खालून धातूची पट्टी लावली.

आधी मी बसून पाहिले. उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटमधून जोराचा वारा शिरतो, म्हणून सकाळीच निघालो. लाइफ जॅकेट घालून ही वाऱ्याकडच्या, उंच बाजूच्या पाटावर बसली. मागे भार वाढला की बोटीची पिछाडी दबते, म्हणून मी पुढे सरकलो. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "इथून तुमचं काय चुकतं ते सगळं दिसतं हो!"

मंडळी, यंदा आरतीला ज्येष्ठांच्या खुर्च्या मागे असल्या तरी चालतील. पण तिथून मूर्ती दिसावी, आणि खुर्ची डगमगू नये.

गणपती बाप्पा मोरया!