मोरीचे पाणी कोणाच्या दारी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाचा सराव नाही. चिटणीसबाईंनी आग्रह धरला म्हणून उभी राहिले. पण आजचा विषय आपल्या मोरीपासून सुरू होतो, तेव्हा त्यावर बोलण्याचा अधिकार आपणा बायकांना आहेच.

आपल्या गावचे मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र दुसरीकडे न्यावे, त्यासाठी नगरपालिकेने पैसा घालावा आणि मोकळ्या जागेवर घरे बांधावी, असे काही महिने बोलले जात आहे. आमची आळी त्या केंद्राच्या वाऱ्यावर आहे. दिवेलागणीच्या आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मुलीला पाहायला मंडळी यायची तर सकाळची वेळ ठरवावी लागते. तेव्हा ते केंद्र हलावे असे मला कोणापेक्षाही अधिक वाटते. पण ते जाणार नदीपलीकडच्या वाडीला. त्याच वाडीच्या बायका रोज सकाळी आपल्या दारी भाजी घेऊन येतात.

माझी पुतणी इंग्लंडात केंब्रिजला असते. तिच्याशी बोलताना हा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, “काकू, आमच्याकडे हेच झाले!” तिने मजकूर पाठविला आणि माझ्या मुलाने त्याचा अर्थ सांगितला. तो आपल्यापुढे ठेवते.

केंब्रिज हे विद्यापीठाचे शहर. तरी एके काळी तेथील मैला सरळ कॅम नदीत जात असे. १८९४ साली नदीकाठी पंप बसविला आणि मैलापाणी मिल्टन गावाकडील शेतांवर नेले. गंमत अशी, की पंपाला लागणारी वाफ शहराचा केरकचरा जाळून करीत. आपण चुलीत पालापाचोळा घालतो, तसेच ते! तो पंप १९६८ पर्यंत चालला. आता तेथे संग्रहालय आहे.

मिल्टनच्या बाजूला पुढे मोठे केंद्र झाले. तेथे आधी गाळ खाली बसवितात, मग पाण्यात हवा सोडतात. विरजणाने दूध बदलते, तसे अतिसूक्ष्म जंतू ती घाण खाऊन पाणी बदलतात आणि निवळलेले पाणी नदीला मिळते. म्हणजे ही घाणीची जागा नव्हे, घाण संपविण्याची जागा. पण वास येतो तो येतोच, आणि वासापाशी घरे बांधता येत नाहीत. इकडे शहर वाढत केंद्रापर्यंत आले. २०१७ साली शेजारीच रेल्वेचे नवे स्टेशन झाले. जागेचे मोल वाढले आणि केंद्र हलवून तेथे हजारो घरे बांधण्याचे ठरले.

खर्च मोठा. शहराची नगरपालिका आणि पाण्याची कंपनी यांच्या या योजनेसाठी सरकारने घरबांधणीच्या निधीतून २२ कोटी ७० लक्ष पौंड देण्याचे २०२० च्या सुमारास कबूल केले. नवी जागा ठरली हनी हिल, हॉर्निंगसी आणि फेन डिटन या दोन खेड्यांमधली शेतजमीन. बांधकाम करू नये म्हणून राखलेल्या हरित पट्ट्यातली ती जागा. गावकरी उठले. “चालते केंद्र मोडून आमच्या शेतात का आणता?” असा त्यांचा प्रश्न. घरे हवीत हे म्हणणेही खोटे नव्हते. त्या शहरात तरुण जोडप्यांना घर परवडत नाही, हे पुतणी स्वतः अनुभवते.

२०२३-२४ मध्ये सहा महिने सरकारी चौकशी झाली. गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. एप्रिल २०२५ मध्ये परवानगी मिळाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, खर्च फार वाढला म्हणून, सरकारने पैसा देण्याचे थांबविले! परवानगी हातात, पण पैसा नाही. घरांची वाट पाहणारे तसेच राहिले, आणि खेड्यांतील लोकांची पाच वर्षे काळजीत गेली.

भगिनींनो, आपण लग्न ठरविताना आधी खर्चाचा अंदाज घेतो, मग मुहूर्त काढतो. मुहूर्त काढून पैशाला लागले की काय होते, ते आपणांस ठाऊक आहे. म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाने नगरपालिकेला अर्ज द्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, सगळा खर्च किती आणि तो वाढला तर कोण भरणार? दुसरी, आहे त्याच केंद्रावर झाकणे घालून, दुरुस्ती करून वास कमी करण्यास किती लागेल? तिसरी, वाडीच्या लोकांना विचारले का?

या तिसऱ्या प्रश्नामुळे कदाचित आमच्या आळीचा वास आणखी काही वर्षे राहील. माझ्या घरीही यावरून बोलणे झाले. तरी हा प्रश्न अर्जातून गाळू नये असे माझे मत आहे. मोरीत पाणी ओततो आपण; ते कोणाच्या दारी जाते हे आपण विचारायचे नाही, तर कोणी विचारायचे?

अर्ज लिहिण्याचे काम चिटणीसबाईंनी पत्करले आहे. सह्या गोळा करण्यास येत्या मंगळवारी मी वाडीला जाणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी बरोबर यावे.