स्वस्त लॅपटॉपची पारख

आमच्या घरीं कपाटाच्या खालच्या खणांत एक लॅपटॉप पडून आहे. तो मोडलेला नाहीं, बिघडलेलाहि नाहीं. कळ दाबली म्हणजे सुरू होतो. परंतु त्याचें सुरू होणें इतकें सावकाश चालतें, कीं तेवढ्यांत चहा करून, पिऊन, कपबशी विसळून ठेवतां येते. २०२१ सालीं मुलाच्या कॉलेजासाठीं मीं तो २२,००० रुपयांना घेतला. दुकानांत मांडलेल्या सर्वांत तो कमी किंमतीचा होता, एवढेंच माझें शास्त्र. दोन वर्षांत दुसरा घ्यावा लागला आणि वांचविलेले पैसे दामदुपटीनें गेले.

म्हणून २०२५ च्या जून महिन्यांत शेजारच्या वहिनी सल्ला विचारण्यास आल्या, तेव्हां मी सावध होतों. त्यांच्या मुलीला स्थापत्याच्या पदविकेला प्रवेश घ्यावयाचा होता. भिशीचे ४०,००० रुपये नुकतेच हातीं आले होते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे पैसे पुन्हां एवढ्यांत जमायचे नाहींत. एकदांच घेणार, तो हिचें शिक्षण पुरें होईपर्यंत टिकला पाहिजे. कोणता घेऊं तें सांगा." पदविकेचीं तीन वर्षें, आणि पुढें पदवी करावयाची झाल्यास आणखी तीन. प्रश्न साधा नव्हता.

आम्ही तिघें बाजारांत गेलों. नभोवाणीवर वस्तु हातांत घेऊन दाखवितां येत नाहीं. म्हणून त्या दिवशीं कागदावर टिपलेले तीन लॅपटॉप आपल्यापुढें शब्दांनींच मांडतों.

पहिला नवा, २४,००० रुपयांचा. त्यांत सेलेरॉन एन ४०२० हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी जातीची साठवण. गाभे म्हणजे एकाच वेळीं राबणारे हात म्हणाना. दुसराहि नवाच, ३८,००० रुपयांचा. कोअर आय ३-१२१५ यू हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. तिसरा कोणा कचेरींतून निवृत्त होऊन आलेला, २१,००० रुपयांचा. कोअर आय ५-८२५० यू हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी.

विक्रेता पहिल्याची स्तुति करीत होता. नवा कोरा, वजनाला हलका, वर पिशवी फुकट. तिसऱ्याविषयीं तो म्हणाला, "हा आय फाइव्ह आहे साहेब, आय थ्रीपेक्षां वरचा." येथेंच पुष्कळ लोक फसतात. आय ३, आय ५ हीं घराण्याचीं नांवें होत. त्यांवरून माणसाचें वय कळत नाहीं. वय पुढच्या आंकड्यांत असतें. ८२५० यू हा आठव्या पिढीचा, २०१७ सालचा. १२१५ यू हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. नांवानें धाकटा असलेला हा आय ३ त्या आय ५ हून वेगवान आहे. दुसऱ्या कंपनीच्या नांवांतहि अशीच मेख आहे. रायझेन ५-७५२० यू आणि रायझेन ५-७५३० यू हीं नांवें कानाला जुळीं भावंडें वाटतात. परंतु पहिल्याला चार गाभे आहेत, दुसऱ्याला सहा. आणि पहिल्याच्या गाभ्यांची घडणहि एक पिढी जुनी आहे. या ७००० च्या मालिकेंत घडणीची पिढी तिसऱ्या आंकड्यावरून ओळखावी.

आतां रॅम. रॅम हें काम मांडण्याचें मेज आणि साठवण हें कपाट, असें समजा. मेज लहान असलें, तर दर वेळीं एक कागद कपाटांत ठेवून दुसरा काढावा लागतो. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम ही किमान अट आहे. म्हणजे तेवढ्यांत ती उभी राहते, हातपाय हलवावयास जागा उरत नाहीं. ब्राउझरचीं आठदहा पानें उघडलीं कीं मेज भरतें आणि कपाटाशीं येरझारा सुरू होतात. त्यांतून तें कपाट ईएमएमसी जातीचें असलें, तर त्याचें दार एसएसडीच्या मानानें फारच अरुंद असतें. माझ्या घरच्या लॅपटॉपाचें दुखणें नेमकें हेंच आहे.

परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न मागाहून काय बदलतां येईल हा आहे. पहिल्या लॅपटॉपांत रॅम व साठवण हीं दोन्ही मदरबोर्डाला डाग देऊन कायमचीं बसविलेलीं होतीं. दुसऱ्यांत रॅमच्या दुसऱ्या पट्टीसाठीं एक जागा रिकामी होती. प्रोसेसर मात्र अशा कोणत्याच लॅपटॉपांत बदलतां येत नाहीं. म्हणून जें बदलतां येत नाहीं, तें आधीं पारखावें; बाकीचें मागाहून.

पडदा याच वर्गांत घालावा. बसविला जातो खरा, पण तो खर्च सहसा कोणी करीत नाहीं. पहिल्याचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, दुसऱ्याचा १९२० गुणिले १०८० चा, म्हणजे जवळजवळ दुप्पट ठिपक्यांचा. जिला रोज चार तास नकाशांतील बारीक रेषा पाहावयाच्या आहेत, तिच्या डोळ्यांना हा फरक रोज भोगावा लागणार. दुकानांत पडदा जरा मागें कलता करून पाहावा. रंग काळवंडले, तर तो लॅपटॉप खालीं ठेवावा.

बॅटरीविषयीं जाहिरातींतील तासांवर विसंबूं नये, वॅट-तास पाहावे. ४२ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ७ वॅटांचा खर्च, म्हणजे सहा तास. भागाकार शाळेंतलाच आहे.

तिसऱ्या, जुन्या लॅपटॉपाला मी नांवें ठेवणार नाहीं. कचेऱ्यांसाठीं केलेले लॅपटॉप सामान्यतः दणकट असतात, त्यांचे कळफलक चांगले असतात आणि सुटे भाग मिळतात. ज्याचें काम लेखन, हिशेब व पत्रव्यवहार एवढेंच आहे आणि हातीं पैसे थोडे आहेत, त्यानें तो अवश्य पाहावा. मात्र तीन गोष्टी तपासाव्या. प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा. थोडे अपवाद सोडले, तर त्याहून जुन्यांवर विंडोज ११ अधिकृतपणें चालत नाहीं, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. दुसरें, विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता व आजची क्षमता ताडून पाहावी. तिसरें, दुकानदार किती महिन्यांची हमी लेखी देतो तें विचारावें.

शेवटीं वहिनींनींच पर्समधून पेन्सिल काढली आणि कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. पहिला माझ्या अनुभवाप्रमाणें दोन वर्षें धरला. वर्षाला १२,००० रुपये पडले. तिसरा नव्या बॅटरीसह २४,००० आणि तीन वर्षें, वर्षाला ८,०००. दुसरा ३८,००० आणि पांच वर्षें, वर्षाला ७,६००. आयुष्याचे हे आंकडे अंदाजाचे खरे. पण नव्या दोहोंपैकीं कमी किंमतीचा लॅपटॉपच सर्वांत महाग पडतो, हें तिघांनाहि स्वच्छ दिसलें. त्यांनीं दुसरा घेतला आणि उरलेल्या २,००० रुपयांत रॅमची आणखी एक ८ जीबीची पट्टी बसवून घेतली.

ही शेवटची गोष्ट मात्र सर्व काळीं साधेल असें समजूं नये. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांची मागणी वाढून रॅमचे भाव जगभर चढले. अशा दिवसांत "पुढें वाढवूं" या भरंवशावर न राहतां, पुरेशी रॅम आरंभींच घेतलेली बरी. आणि रिकामी जागा असलीच, तर ती अडीअडचणीची शिल्लक समजावी.

तेव्हां श्रोतेहो, दुकानांत जाण्यापूर्वीं काम कोणतें, किती वर्षांचें आणि पैसे किती, हे तीन प्रश्न घरींच सोडवा. मग प्रोसेसरची पिढी, रॅम, साठवण व पडदा या क्रमानें पाहा आणि किंमतीला वर्षांनीं भागा. पिशवी कितीहि सुंदर असो, ती या हिशेबांत धरूं नका.

माझा तो जुना लॅपटॉप मीं अजून विकलेला नाहीं. कोणी सल्ला विचारावयास आलें, म्हणजे मी कांहीं न बोलतां त्याची कळ दाबतों आणि चहाचें आधण ठेवतों. चहा होईपर्यंत पाहुण्याच्या निम्म्या शंका फिटलेल्या असतात.